नर्सबाईंनी सांगितलेले अर्थ

डिसेंबरच्या पहिल्याच सोमवारी मुख्याध्यापकांनी उमादेवीच्या हातात एक छापील कागद ठेवला. वर लाल टोपीवाल्या म्हाताऱ्याचं चित्र आणि खाली वीस इंग्रजी शब्द, सगळे नाताळचे. वीस तारखेला चौथीच्या पोरांची त्यावर परीक्षा घ्यायची होती आणि चोवीसला पालकांसमोर कार्यक्रम.

"सर, अर्थ नाहीत दिलेले."

"ते तुम्ही सांगायचे. इंग्लिशच्या मिस तुम्ही."

होती खरी. जळकोटात हायवेला लागून असलेल्या त्या शाळेत तिला दोन वर्षं झाली होती. पण उमादेवी वाढली अक्कलकोटाकडच्या खेड्यात. घरात कानडी, शाळेत मराठी. इंग्रजी तिनं डी.एड.ला असताना गाईडं वाचून वाचून कमावलं होतं. स्टार, बेल, कँडल, गिफ्ट इथवर तिची गाडी नीट गेली. मेंजर, कॅरल, अॅडव्हेंट, रीथ, मर्, मिसलटो इथं मात्र अडली. मोबाइलवर शोधलं तर 'मेंजर'पुढं लिहून आलं, गुरांना चारा घालण्याचे पात्र. 'मर्'पुढं, एक प्रकारचा सुगंधी डिंक. सणाचा आणि गुरांच्या चाऱ्याचा काय संबंध, ते काही तिला उमगेना.

"मिस, डिंक म्हणजे लाडवातला का?" पहिल्या बाकावरच्या अर्पितानं विचारलं. वर्ग हसला. उमादेवीला हसू आलं नाही. आपण पोरांना जे सांगतोय ते आपल्यालाच ठाऊक नाही, ही गोष्ट तिला दिवसभर टोचत राहिली.

गावात ख्रिस्ती घर एकच होतं. जुन्या आरोग्य उपकेंद्राच्या मागं, लिंबाच्या झाडाखाली दोन खोल्यांत कमलबाई राहायच्या. निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली, तरी गाव त्यांना नर्सबाईच म्हणायचं. चाळीस वर्षांत गावातली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मली होती. त्यांना विचारावं, असं उमादेवीच्या मनात आलं आणि संध्याकाळी सासऱ्यांना वाढताना ती तसं बोलून गेली.

बसप्पांचा हात ताटातच थांबला. "त्या घरी न्हाय जायचं."

"का, मामा?"

"न्हाय म्हटलं ना." ते पुन्हा जेवू लागले. सासूबाई, शांतम्मा, चुलीपाशी पाठमोऱ्या बसल्या होत्या. त्यांनी मान वळवली नाही.

उमादेवीचा नवरा सिद्धाराम पुण्यात कंपनीत होता, महिन्यातून एकदा यायचा. त्याला फोनवर विचारलं तर तो म्हणाला, "लहानपणापासून असंच हाय. त्या घराचं नाव काढायचं न्हाय. कारण मलाबी कधी कुणी सांगितलं न्हाय." उमादेवी सासऱ्यांचा शब्द कधी मोडत नसे. या वेळी मोडला. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती घराकडं न वळता लिंबाच्या झाडाकडं वळली.

कमलबाई दारातच उन्हाला बसल्या होत्या. अंगानं लहानखुऱ्या, केस पांढरेधोप, पाय सुजलेले. उमादेवीनं कागद पुढं केला तशी त्यांनी चष्मा चढवला आणि एकेका शब्दावर बोट ठेवत गेल्या.

"मला इंग्रजी येतं ते दवाखान्यापुरतं, बाई. हे तू वाच, मी आमच्यात काय म्हणतात ते सांगते."

"मेंजर."

"म्हणजे?"

"गुरांचा चारा घालतात ते..."

"अगं, गव्हाण की. तुमच्या गोठ्यात असेल ना?"

"आहे."

"मग त्यातच निजवलं होतं त्याला. आईबाप परगावचे. तिचे दिवस भरलेले, आणि उतरायला जागा कुणी देईना. गोठ्यात बाळंत झाली, आणि बाळ ठेवायला दुसरं काय असणार गोठ्यात?" हे त्या सांगत होत्या ते एखाद्या वस्तीवरच्या बाळंतपणाचं सांगावं तसं.

'मर्' आल्यावर मात्र त्या उठल्या. आतून पत्र्याचा एक डबा आणला आणि तपकिरी खडा उमादेवीच्या तळहातावर ठेवला. "हुंग. आमच्या पुस्तकात याला गंधरस म्हणतात. दुकानात मागशील तर हिराबोळ. बाळंतिणीला देतात. कडूजहर असतो. बाळाला बघायला लांबून शहाणी माणसं आली, त्यांतल्या एकानं हा आणला."

"बाळाला हे कशाला?"

"त्या काळी मढ्यालाही लावायचे. देणाऱ्याला पुढचं दिसलं असेल." कमलबाईंनी खडा परत डब्यात टाकला. "मी दोन्ही बघितलंय, एकाच खोलीत, एकाच दिवशी." मग त्यांनी विचारलं, "तू कुणाची सून म्हणालीस?"

"बसप्पांची."

कमलबाईंनी डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसेना, म्हणून पुन्हा दाबलं. "शांतम्मा बरी आहे का?"

"बऱ्या आहेत."

"सांग तिला, विचारलं म्हणून." मग जणू काही झालंच नाही अशा सुरात त्या म्हणाल्या, "पुढचा शब्द कोणता?"

पुढचा होता अॅडव्हेंट. कमलबाई म्हणाल्या, नाताळच्या आधीचे चार रविवार. "येणाऱ्याची वाट बघायची. बाईचे दिवस भरत आले की घर कसं होतं? कुणी मोठ्यानं बोलत नाही, पाणी तापवून ठेवतात, दार लोटून घेतात पण कडी लावत नाहीत. तसं."

उमादेवीनं ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

त्यानंतर ती दर दोन दिवसांनी जात राहिली. घरी म्हणायची, शाळेत काम होतं. कमलबाईंना धाप लागायची. बोलताना मध्येच थांबून त्या हात वर करायच्या, म्हणजे थांब, येतेच मी. कॅरल म्हणजे काय ते सांगताना एकदा त्यांनी एक ओळ गाऊन दाखवली. आवाज फाटका होता, पण सुरात होता. एवढ्या ओळखीत त्यांनी एकदाही बसप्पांबद्दल वाईट शब्द काढला नाही. चांगलाही काढला नाही.

मिसलटो मात्र त्यांनाही ठाऊक नव्हतं. उमादेवीनं मोबाइलवर चित्र शोधलं आणि एका सकाळी अंगणात सासऱ्यांना दाखवलं. "मामा, हे कशाचं झाड असेल?"

बसप्पांनी मोबाइल लांब धरून पाहिलं. "बांडगूळ हाय की. आंब्यावर येतं. झाडाचा रस पिऊन जगतं. येळेवर तोडलं न्हाय तर फांदी वाळती. काय करायचं ते?"

"पोरांना शिकवायचंय. नाताळात दारावर टांगतात म्हणे."

"बांडगूळ टांगत्यात दाराला?" ते जरा हसले. उमादेवीही हसली आणि त्या भरात बोलून गेली, "नर्सबाईंनाही ठाऊक नव्हतं."

बसप्पांनी मोबाइल परत दिला. खांद्यावर टॉवेल टाकला आणि शेताकडं निघून गेले. रागावले असते तर बरं झालं असतं, असं उमादेवीला वाटलं.

शांतम्मा ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी सुनेला जवळ बोलावलं. उमादेवी सासूला माहेरच्या कानडी सवयीनं अत्ती म्हणायची.

"जातीस तू तिथं," शांतम्मा म्हणाल्या. विचारलं नव्हतं, म्हणून उमादेवीनं उत्तर दिलं नाही. "कशी हाय ती?"

"धाप लागते. पाय सुजलेत. तुमची खुशाली विचारली होती, अत्ती. मी सांगितलं नाही. भ्याले."

शांतम्मांनी दोन-तीन शेंगा सोलल्या. मग त्यांनी जे सांगितलं, ते छत्तीस वर्षांत त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सिद्धारामच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती. कळा सुरू झाल्या तेव्हा नर्सबाईंना बोलावलं. त्यांनी पोटावर हात ठेवला आणि सांगितलं, मूल आडवं आहे, आत्ताच्या आत्ता सोलापूरला न्या. सासूनं नको म्हटलं. बसप्पा म्हणाले, उद्यापर्यंत बघू. नर्सबाई तीन वेळा येऊन सांगून गेल्या. तिसऱ्यांदा त्या बसप्पांच्या पायाशी बसल्या. दुसऱ्या दिवशी पोर नर्सबाईंच्याच हातावर झाली, ती मेलेलीच.

"आणि ह्यांनी पारावर बसून सांगितलं, नर्सच्या हातानं माझं लेकरू गेलं. वर्षभर एकाही बाईनं तिला घरात घेतलं न्हाय. तिच्यावर अर्ज झाला. चौकशी झाली. तरी ती काही बोलली न्हाय. म्या खाटंवर होते, सगळं ऐकलं होतं. पर म्याबी काही बोलले न्हाय." शांतम्मांनी सोललेले दाणे पदरातून सुपात टाकले. "तवा वीस वर्षांची होते. आता म्हातारी झाले. आजून बोलले न्हाय."

वीस तारखेला शनिवारी परीक्षा झाली. सरांनी मधल्या सुट्टीत उमादेवीला बोलावून अर्पिताचा कागद पुढं सरकवला. अॅडव्हेंटपुढं तिनं लिहिलं होतं, 'बाईचे दिवस भरल्यावर घर वाट बघते ते.'

"हे काय शिकवलंत?"

"अर्थ बरोबर आहे, सर."

"पालक बघतील हा कागद."

"बघू द्या. सोळा पोरांनी असंच लिहिलंय."

सरांनी तिच्याकडं पाहिलं. लाल पेन उचलला, पुन्हा ठेवला. मग त्यांनी कागद परत दिला.

रविवारी दुपारी ते सगळे कागद घेऊन ती कमलबाईंकडं गेली. दार उघडं होतं. कमलबाई खाटेवर बसून, समोरच्या स्टुलावर हात टेकून श्वास ओढत होत्या. ओठ निळे पडले होते. "आडवं होता येत नाही," एवढंच त्या म्हणाल्या. रुग्णवाहिकेला फोन लावला तर ती दुसरीकडं गेलेली, यायला दीड तास लागणार होता. गावात त्या वेळी दारात गाडी उभी असलेलं एकच घर उमादेवीला ठाऊक होतं, ते स्वतःचं. तिनं सासऱ्यांना फोन लावला.

"मामा, नर्सबाईंना सोलापूरला न्यायचंय. पिकअप घेऊन या."

मग फोन कट झाला. उमादेवी कमलबाईंची पाठ चोळत बसली. आता कुणाच्या पाया पडावं याचा विचार करत असतानाच दारात गाडीचा आवाज आला. बसप्पा आत आले. कमलबाईंकडं न बघता त्यांनी वाकून त्यांना उचललं, लेकराला उचलावं तसं, आणि पुढच्या सीटवर नेऊन बसवलं. उमादेवी दाराकडून आधार देऊन बसली.

नळदुर्ग मागं पडलं. बसप्पांची नजर रस्त्यावर होती.

"नर्सबाई," ते म्हणाले. "त्या येळंला म्या पारावर जे बोललो, ते खोटं होतं."

कमलबाईंचा श्वास घरघरत होता. उमादेवीला वाटलं, त्यांना ऐकू गेलं नसावं. पण पुढच्या गतिरोधकाला गाडी हळू झाली तेव्हा त्या म्हणाल्या, "मला ठाऊक होतं ते, बसप्पा. तुम्हालाही ठाऊक होतं. गावाला नव्हतं."

बसप्पांनी मान हलवली.

दवाखान्यात त्यांना लगेच ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, फार आशा ठेवू नका. सोमवारी दुपारी त्यांना जरा बरं वाटलं. उमादेवीनं परीक्षेचे कागद वाचून दाखवले. अर्पिताचं उत्तर ऐकून त्या हसल्या आणि हसताना खोकल्या. "मार्क दिलेस ना?"

"दिले."

"एक काम कर. माझा पुतण्या नगरला असतो, त्याचा नंबर वहीत आहे. तो म्हणेल, सोलापूरच्या दफनभूमीत ठेवू, तिथं आपली माणसं आहेत. तर नको म्हणावं. मला जळकोटलाच ठेवा. चाळीस वर्षं तिथं उठले-बसले. मेल्यावर परगावी कुठं जाऊ?"

मंगळवारी उजाडता उजाडता त्या गेल्या.

दहाच्या सुमाराला त्यांना गावात आणलं. लिंबाखाली माणसं जमली. बायका तर दाटीवाटीनं उभ्या होत्या. जिची दोन-दोन, तीन-तीन बाळंतपणं नर्सबाईंनी केली नाहीत अशी बाई त्यांत क्वचितच असेल. सोलापूरच्या चर्चच्या पाळकांना फोन झाला. नाताळच्या धामधुमीतही ते दुसऱ्या दिवशी सकाळी येतो म्हणाले. पुतण्या वाटेत होता. प्रश्न उरला जागेचा. ख्रिस्ती लोकांना गावात जागा नव्हती. ओढ्याकाठी होतं ते दहनाचं. पुरायची चाल गावात लिंगायतांचीच, त्यांची जमीन वेगळी आणि तीही भरत आलेली. तिचा कारभार पाहणारे बसवराज हात जोडून म्हणाले, "बाई देवमाणूस होती. पर तिथं परंपरेनं आपलीच माणसं ठेवतो आपण. उद्या दुसरंही कुणी मागंल. सोलापूरला नेलेलं बरं. गाडीखर्च आम्ही समदे मिळून करू."

कुणी विरोध केला नाही. बसवराज काही वाईट बोलले नव्हते. उमादेवीनं कमलबाईंची इच्छा सांगितली, तेव्हाही लोक माना खाली घालून उभे राहिले.

तेव्हा बसप्पा पुढं आले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"छत्तीस वर्षांमागं माझी पोर गेली," ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, तरी मागपर्यंत ऐकू गेला. "म्या गावाला सांगितलं, नर्सबाईच्या हातानं गेली. ते खोटं हाय. बाईनं तीन डाव सांगितलं, सोलापूरला न्या. माझ्या पायाशी बसून सांगितलं. म्या नेलं न्हाय. पोर माझ्या हातानं गेली. हे तवाच बोलाया पायजे होतं. न्हाय बोललो." ते थांबले. "चिंचंच्या पट्टीत माझ्या पोरीला माती दिलीया. तिच्या शेजारी बाईला जागा देतो. माझी जमीन हाय, माझ्या खुशीनं देतो. कुणाला काही म्हणायचं असलं तर आत्ता म्हणा."

बायकांच्या घोळक्यातून रुद्रम्मा नावाची एक म्हातारी पुढं आली. त्या वर्षी नर्सबाईंना दारातून परत धाडणाऱ्यांत तीही होती. तिनं कमलबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

खड्डा बसप्पांनी स्वतः खणला. बासष्ट वर्षांचा माणूस, दोघं-तिघं मदतीला आले तरी कुदळ सोडेना. खणता खणता त्यांनी पुतण्याला विचारलं, "आमच्यात बसवून माती देत्यात. तुमच्यात कसं?"

"निजवतात. लांब खणावं लागेल."

"खणू की."

चोवीसला सकाळी पाळक आले. सोबत चर्चमधली चार माणसं होती. शाळेचा कार्यक्रम सरांनी दुपारवर ढकलला आणि चौथीचा वर्ग रांगेनं चिंचेच्या पट्टीत आणून उभा केला. पोरांच्या हातात झेंडूची गोल कडी होती. काडीला फुलं गुंफून ती उमादेवीनंच आदल्या दिवशी त्यांच्याकडून करून घेतली होती. कागदावरच्या रीथचा अर्थ तिनं आधी दाराला लावतात ते फुलांचं कडं, एवढाच सांगितला होता. माणूस गेल्यावरही तेच वाहतात, हे तिला पुतण्याकडून कळलं होतं. पाळकांनी वाचलं, चौघांनी एक गाणं म्हटलं. ओळखीची ओळ आली तशी उमादेवीनं मान खाली घातली. मग एकेक जण पुढं जाऊन मूठभर माती टाकू लागला. बसप्पांनी टाकली. बसवराजांनीही टाकली.

शांतम्मा आल्या नव्हत्या. पोर गेली तेव्हा बाळंतिणीला घराबाहेर काढत नाहीत म्हणून त्यांना थांबवलं होतं, आणि पुढं कधी कुणी तिकडं नेलंच नाही. शेतात कामाला जायच्या, पण चिंचेच्या पट्टीकडं वळायच्या नाहीत. आपण होऊन त्यांनी कधी जागा विचारली नाही, बसप्पांनीही दाखवली नाही.

नाताळच्या दिवशी शाळेला सुट्टी होती. सकाळी भाकरी बांधताना शांतम्मा नवऱ्याला म्हणाल्या, "आज मला तिकडं न्या."

बसप्पांनी कुठं असं विचारलं नाही.

तिघं बांधाबांधानं गेली. ज्वारीवर अजून दव होतं. नव्या मातीवर झेंडू सुकायला लागला होता. तिच्या डाव्या अंगाला, दोन हातांवर, बसप्पांनी बोट दाखवलं. तिथं काही खूण नव्हती. गवत होतं आणि चिंचेचा पालापाचोळा. शांतम्मा खाली बसल्या. हातानं पाला बाजूला केला, हळूहळू, सगळा. एवढीशी जागा मोकळी झाली, तिच्यावर त्यांनी तळवा ठेवला.

"नाव ठिवलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"न्हाय," बसप्पा म्हणाले.

उमादेवी जरा लांब थांबली होती. तिला दिसलं, सासूबाईंचा दुसरा हात नव्या मातीवर गेला. त्या काहीतरी बोलत होत्या. कुणाशी, लेकीशी की कमलबाईंशी, ते तिला ऐकू आलं नाही, आणि ऐकावं म्हणून ती पुढंही गेली नाही. बसप्पा टोपी हातात घेऊन मागं उभे होते. बऱ्याच वेळानं ते वाकले आणि बायकोला हात दिला. शांतम्मांनी तो धरला, पण उठल्या नाहीत. मग तेच त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले.

ऊन चिंचेच्या खाली सरकलं. उमादेवीनं भाकरीचं गाठोडं बांधावर ठेवलं आणि तुरीच्या शेतात जाऊन एकटीच कापणीला लागली.